एका चिमट्याची कुळकथा

जुन्या फटफटीचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा सुरू होतात त्या आवाजापासून. बुलेटची धकधक, येझदीचे दोन सायलेन्सर, आरएक्स हंड्रेडचा तो कर्कश सूर. मग टाकीचा रंग, मग ॲव्हरेज. चिमट्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेलं असतं त्या भागाला इंग्रजीत फोर्क आणि इथे डच भाषेत फोरफोर्क म्हणतात. आपल्या सायकलवाल्यांनी आणि मिस्त्री लोकांनी त्याला केव्हाच ‘चिमटा’ करून टाकलं. या लेखात मीही तोच शब्द वापरणार आहे.

ज्या चिमट्याची ही कथा आहे तो बनला इंग्लंडमध्ये, पण त्या गाडीची मागणी गेली होती आपल्या रॉटरडॅममधून. १९४४ साली तो अर्नेमजवळच्या माळावर आकाशातून उतरला. आणि ज्या कंपनीने तो बनवला तिचं नाव आज चेन्नईहून जगभर जातं. गाडी म्हणजे रॉयल एनफील्डची १२५ सीसीची छोटी ‘मॉडेल आरई’. सैनिकांनी तिला नाव ठेवलं ‘फ्लाइंग फ्ली’, म्हणजे उडती पिसू!

गेली दोन वर्षं माझ्या घरामागच्या शेडमध्ये अशीच एक पिसू उभी आहे. युद्धानंतर सामान्य गिऱ्हाइकांसाठी बनलेल्यांपैकी. आठवडाभर लॅपटॉपवर डोकं घातल्यावर शनिवारी हाताला ग्रीस लागलं की बरं वाटतं. माझ्याकडे ती आली तेव्हा तिला नंतरच्या काळातला टेलिस्कोपिक चिमटा बसवलेला होता, आणि मूळचा चिमटा गंजलेल्या अवस्थेत एका खोक्यात होता. तो परत बसवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. पण त्याचं उत्तर शोधता शोधता मी पानांच्या पेटीपासून थेट इतिहासात जाऊन पोहोचलो.

चार कड्या आणि रॉटरडॅमचे व्यापारी

ऑडी गाडीच्या चार कड्या आपण रोज मोटारवेवर बघतो. १९३२ साली चार जर्मन कंपन्या एकत्र येऊन ‘ऑटो युनियन’ झाली, त्या चार कंपन्यांच्या या चार कड्या: ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वाँडरर. यातली दुसरी कडी डीकेडब्ल्यू. सॅक्सनीतल्या त्शोपाउ गावचा हा कारखाना १९२०च्या दशकाच्या अखेरीस जगातला सर्वांत मोठा मोटरसायकल कारखाना होता. १९३४ साली त्यांनी ९८ सीसीची एक हलकी, स्वस्त, टू-स्ट्रोक गाडी काढली. नाव आरटी. ज्याला मोटार परवडत नाही आणि सायकल पुरत नाही, अशा माणसाची ही गाडी. हॉलंडसारख्या सपाट देशात अशा गाडीला गिऱ्हाईक मिळणारच.

हॉलंडमध्ये ही गाडी विकण्याचे हक्क होते रॉटरडॅमच्या ‘आर. एस. स्टॉकव्हिस एन झोनन’ या पेढीकडे. ‘एन झोनन’ म्हणजे ‘आणि मुलगे’. आपल्याकडे ‘अमुक तमुक आणि सन्स’ असतं ना, अगदी तसंच. यंत्रं, हत्यारं, घरगुती वस्तू, सायकली असा सगळा घाऊक व्यापार करणारी ही जुनी, नावाजलेली पेढी. आणि तिचे संचालक ज्यू होते.

१९३८ साली नाझी राजवटीच्या धोरणापुढे मान तुकवून डीकेडब्ल्यूने स्टॉकव्हिसचे हक्क काढून घेतले. कारण मालाचं नव्हतं, पैशाचं नव्हतं, विक्रीचंही नव्हतं. कारण फक्त एवढंच, की ही पेढी चालवणारी माणसं ज्यू आहेत. लक्षात घ्या, तेव्हा हॉलंड स्वतंत्र देश होता आणि जर्मन सैन्य इथे यायला अजून दोन वर्षं होती. तरीही बर्लिनचा कायदा रॉटरडॅमच्या दुकानापर्यंत येऊन पोहोचला होता, तो रणगाड्यातून नव्हे, व्यापारी करारातून.

स्टॉकव्हिस मंडळींनी मग जे केलं ते मला फार आवडतं. ते हातावर हात ठेवून बसले नाहीत. डीकेडब्ल्यूची आरटी घेऊन ते इंग्लंडमध्ये रेडिच गावी, रॉयल एनफील्डकडे गेले. मागणी सरळ होती: आम्हाला अशीच गाडी बनवून द्या, फक्त इंजिन थोडं मोठं, १२५ सीसीचं असू द्या. रॉयल एनफील्डचे डिझायनर टेड पार्डो यांनी ते काम हाती घेतलं. गाडीचं नाव ठरलं ‘रॉयल बेबी’, आणि एप्रिल १९३९ मध्ये तिचे दोन नमुने रॉटरडॅममध्ये लोकांसमोर मांडले गेले.

पुढचं आपण जाणतोच. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडवर हल्ला झाला. १० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. १४ मे रोजी रॉटरडॅमचा मध्यभाग बाँबने बेचिराख झाला आणि दुसऱ्या दिवशी हॉलंडने शरणागती पत्करली. रॉटरडॅम सेंट्रल स्टेशनशेजारी जी भली मोठी ‘ग्रोटहांडेल्सखेबाउ’ इमारत दिसते, ती त्या दिवशी जागा गमावलेल्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी १९५३ साली पूर्ण झाली. रॉयल बेबीला ज्या रस्त्यांवर धावायचं होतं ते रस्तेच उरले नाहीत.

रबराचा चिमटा

आता थोडं चिमट्याकडे वळू. आपल्या आजच्या बहुतेक गाड्यांना पुढे दोन नळकांडी असतात. एका नळीत दुसरी नळी सरकते, आत स्प्रिंग आणि तेल. हा टेलिस्कोपिक चिमटा. १९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीवर तेलाचं डॅम्पिंग असलेला असा चिमटा बाजारात आणला. तोवर सगळीकडे राज्य होतं ते ‘गर्डर’ चिमट्याचं.

गर्डर चिमटा समजायला सोपा आहे. कल्पना करा, चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन कणखर पाय आहेत. हे पाय गाडीच्या मानेला थेट जोडलेले नाहीत. वर दोन आणि खाली दोन अशा आखूड पट्ट्यांनी, म्हणजे लिंकांनी, ते मानेला लटकवलेले आहेत. चाक खड्ड्यात गेलं की अख्खा चिमटा या लिंकांवर वर-खाली झुलतो. दाराच्या बिजागरीसारखंच काम, फक्त चार बिजागऱ्या. आणि या झुल्याला आवरायला मध्ये एक स्प्रिंग.

फ्लाइंग फ्लीची गंमत इथेच आहे. तिच्या चिमट्याचे पाय नळीचे नाहीत, पत्रा दाबून बनवलेले आहेत. आणि मध्ये पोलादी स्प्रिंग नाहीच! तिथे आहेत रबराचे जाड बँड. बँडचं एक टोक मानेच्या बाजूला अडकवलेलं, दुसरं चिमट्याच्या बाजूला. चाक वर गेलं की बँड ताणले जातात, धक्का ओसरला की आखडतात. बस्स. तेल नाही, सील नाही, नळकांडं नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी शाळकरी पोराने गलोलीचं रबर लावून गाडी दुरुस्त केली आहे.

पण यामागे हिशोब होता. दाबलेला पत्रा स्वस्त आणि हलका. रबरही हलकं. शिवाय रबराला पोलादापेक्षा एक गुण जास्त आहे: ते ताणून सोडलं तर दिलेली सगळी शक्ती परत करत नाही, थोडी स्वतःतच जिरवतं. त्यामुळे पोलादी स्प्रिंगसारखी गाडी उड्या मारत राहत नाही. सगळी गाडी जेमतेम साठ किलोची. तेवढ्या वजनाला हे पुरेसं होतं. मागच्या चाकाला तर काहीच नव्हतं. तिथे चालवणाऱ्याच्या सीटखालच्या स्प्रिंगा आणि त्याचं स्वतःचं कंबरडं, हेच काय ते सस्पेन्शन.

हेच हलकेपण पुढे तिच्या कामी आलं.

आकाशातून परत

युद्धाच्या काळात ब्रिटिश सैन्याने विमानातून उतरणाऱ्या तुकड्या उभ्या केल्या. पॅराशूटने उतरलेल्या सैनिकाजवळ वाहन नसतं. उतरल्यावर एका तुकडीचा निरोप दुसऱ्या तुकडीला पोहोचवायचा कसा? अशा वेळी रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकांसाठी बनवलेली ही हलकी गाडी सैन्याच्या कामी आली. पोलादी नळ्यांच्या एका पिंजऱ्यात गाडी बसवायची, पिंजऱ्याला पॅराशूट लावायचं आणि विमानातून सोडायची. काही गाड्या ग्लायडरमधूनही जात. वाटेत ओढा, भिंत किंवा कुंपण आडवं आलं तर सैनिकांनी ती उचलून पलीकडे न्यायची. ‘उडती पिसू’ हे नाव तिथूनच पडलं.

१७ सप्टेंबर १९४४, रविवार. ‘मार्केट गार्डन’ मोहिमेत ब्रिटिश पहिली एअरबोर्न डिव्हिजन अर्नेमच्या पश्चिमेला उतरायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी एडेजवळच्या खिंकेल माळावर आणखी एक ब्रिगेड उतरली. आपल्यापैकी बरेच जण ऑगस्टच्या शेवटी जांभळी हेदर फुलं बघायला ज्या माळावर मुलांना घेऊन जातात, तोच हा माळ. उतरलेल्या सामानात जीप होत्या, तोफा होत्या, सायकली होत्या आणि या पिसवाही होत्या.

या लढाईत सैन्याच्या वायरलेस यंत्रांनी दगा दिला हे सर्वश्रुत आहे. डिव्हिजनच्या प्रमुखाला आपल्याच पुढच्या तुकड्या कुठे आहेत ते कळेना. निरोप पोहोचवणाऱ्या माणसाचं मोल अशा वेळी किती वाढतं, हे सांगायला नको. कर्नल फ्रॉस्ट यांच्या तुकडीने अर्नेमचा पूल २१ सप्टेंबरच्या सकाळपर्यंत लढवला आणि २५ तारखेच्या रात्री उरलेले सैनिक ऱ्हाइन नदी ओलांडून मागे आले. गेले होते सुमारे दहा हजार, परतले दोन हजारांहून थोडे अधिक. अर्नेमच्या नागरिकांना जर्मनांनी शहराबाहेर काढलं, आणि मग आला तो ‘होंगरविंटर’, उपासमारीचा हिवाळा. त्यात पश्चिम हॉलंडमध्ये सुमारे वीस हजार माणसं गेली.

मला या इतिहासातला एक योगायोग सारखा खुणावत राहतो. ज्या गाडीची मागणी एका डच पेढीने केली, कारण तिच्या माणसांना ज्यू म्हणून दूर सारलं गेलं होतं, ती गाडी साडेपाच वर्षांनी हॉलंडमध्ये आली ती नाझींशी लढायला आलेल्या सैन्याबरोबर. रॉटरडॅमच्या दुकानातून नाही, तर ढगांतून!

पण या योगायोगाने हुरळून जाण्याचंही कारण नाही. पिसू परत आली तोवर हॉलंडमधल्या सुमारे एक लाख चाळीस हजार ज्यूंपैकी बहुतेकांना गाड्यांतून पूर्वेला पाठवून झालं होतं. त्यांच्यापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मारले गेले. ॲमस्टरडॅममध्ये २०२१ साली उभारलेल्या स्मारकाच्या भिंतीवर एक लाख दोन हजारांहून जास्त नावं आहेत, एकेका विटेवर एकेक नाव. एखाद्या व्यापारी पेढीचा करार रद्द होणं ही या रस्त्यावरची अगदी सुरुवातीची, तेव्हा कुणाला फारशी न दिसलेली पायरी होती. चिमटा हातात घेतल्यावर मला ही पायरी आठवते.

स्टॉकव्हिस पेढी मात्र टिकली. हॉलंडमध्ये म्हातारी माणसं ज्या ‘सोलेक्स’ची आठवण डोळ्यांत पाणी आणून काढतात, ती पुढच्या चाकावर इंजिन असलेली काळी सायकल इथे १९४८ पासून याच पेढीने आणली.

घरच्या घरी चिमटा

आता शेडमध्ये येऊ. ज्यांना हत्यारं हाताळायची हौस आहे त्यांच्यासाठी थोडी कामाची माहिती. ज्यांना नाही त्यांनी पुढच्या मथळ्यावर उडी मारली तरी हरकत नाही.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे काहीही न खोलता फोटो काढणं आणि वहीत लिहून ठेवणं. कुठला वायसर कुठल्या बाजूला, कुठली पिन कुठल्या तोंडाने. गर्डर चिमट्यात डावी-उजवी बाजू दिसायला सारखी असली तरी झीज सारखी नसते. दुसरं म्हणजे पाने. इंग्लंडच्या त्या काळच्या गाड्यांना आपले मिलिमीटरचे पाने चालत नाहीत, व्हिटवर्थचे पाने लागतात. चिमट्यावरचे बरेच आटे ‘सायकल थ्रेड’चे असतात, इंचाला २६ आटे. इथल्या बांधकाम साहित्याच्या दुकानातला ‘जवळपास बसणारा’ बोल्ट त्यात कधीही घालू नये, आटे कायमचे जातात.

गंज काढायला मी घरगुती विद्युत पद्धत वापरतो. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि धुण्याचा सोडा, चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार एका निकामी लोखंडी पट्टीला. रात्रभरात गंज सुटतो आणि खालचं मूळ लोखंड जराही खरवडलं जात नाही. दोन गोष्टी पाळायच्या: धन बाजूला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं, आणि टब उघड्या हवेत ठेवायचा, कारण त्यातून हायड्रोजन वायू निघतो.

मग येते तपासणी, आणि खरी परीक्षा हीच. पत्र्याचे पाय वाकले आहेत का? दोन सारख्या, सरळ सळया वरच्या आणि खालच्या भोकांतून घालायच्या आणि एका डोळ्याने बघायचं. दोन्ही सळया एका रेषेत दिसल्या तर ठीक. तिरक्या दिसल्या तर कुठेतरी चिमट्याने मार खाल्ला आहे. अशा वेळी गॅसचा बंब घेऊन पाय तापवायचा मोह टाळावा. दाबलेला पत्रा तापवला की तो कुठे कसा ओढला जाईल याचा नेम नसतो. तडा आहे की नुसती रेघ, हे कळायला पातळ तेल लावून पुसायचं आणि वर खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर त्यातलं तेल हळूहळू खडूवर उमटतं. तडा दिसला तर हे काम घरचं नाही, जाणत्या वेल्डरचं.

लिंकांच्या पिना आणि बुश हा चिमट्याचा जीव. पिन झिजली असेल तर पुढचं चाक हाताने हलवताना ‘टक टक’ जाणवतं. पिन व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजावी: जिथे झिजत नाही तिथे, आणि बुशमध्ये फिरते त्या दोन टोकांना. फरक लगेच दिसतो. नवे बुश लेथवर करून घेता येतात. बसवताना पिना घट्टही नकोत आणि सैलही नकोत. बऱ्याच ब्रिटिश चिमट्यांवर पिनेजवळ खाचा असलेले वायसर असतात. ते बोटांनी जेमतेम फिरले म्हणजे बरोबर बसलं. मिलिमीटरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा ही बोटांची खूण जास्त विश्वासाची आहे. ग्रीस नवं दिसू लागेपर्यंत ग्रीस गन मारायची, आणि बाहेर आलेलं पुसून टाकायचं.

मानेतल्या गोळ्या, म्हणजे बॉल बेअरिंग, सरळ बदलून टाकाव्या. वाट्यांमध्ये खळगे पडले असतील तर हँडल मधोमध आल्यावर ‘अडकल्या’सारखं वाटतं. तशा वाट्याही बदलाव्या लागतात. चमक यावी म्हणून पिना किंवा पाय क्रोम करून घेऊ नयेत. मूळ गाडीवर तिथे रंगच होता, शिवाय क्रोमच्या आम्लात कठीण पोलाद ठिसूळ होऊ शकतं.

राहता राहिले रबरी बँड. जुन्या सामानाच्या बाजारात कधी कधी त्या काळातले, न वापरलेले, कागदात गुंडाळलेले बँड मिळतात. मूळ, अस्सल, आणि पूर्ण निरुपयोगी! रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतंच. हवेतल्या ओझोनने त्याला भेगा पडतात आणि ताण आला की ते तुटतं. म्हणून बँड नवेच घ्यायचे, त्यांना तेल-ग्रीस लागू द्यायचं नाही, आणि दर हंगामाला ताणून भेगा बघायच्या.

मूळ म्हणजे काय?

इथेच तो प्रश्न येतो. रॉयल एनफील्डने स्वतःच १९५०च्या सुमारास या गाडीला टेलिस्कोपिक चिमटा दिला. तो जास्त आरामशीर आहे यात वाद नाही. अनेक मालकांनी वाकलेला गर्डर चिमटा काढून तो लावला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना रोज कामावर जायचं होतं. इतिहास जपायला त्यांच्याकडे ना वेळ होता ना पैसा.

आणि मी जो ‘मूळ’ चिमटा बसवतो आहे त्यातलं तरी मूळ किती? बँड नवे, बुश नवे, गोळ्या नव्या, दोन पिना नव्या, रंगही बहुतेक नवा. मूळ उरतात ते दोन पत्र्याचे पाय आणि चार लिंका. मग एवढा खटाटोप कशासाठी?

मला सुचलेलं उत्तर असं. कुठल्याही यंत्रात दोन प्रकारचे भाग असतात. काही झिजण्यासाठीच असतात: रबर, बुश, गोळ्या. ते बदलले तर यंत्राचं काही जात नाही, उलट ते चालू राहतं. १९४६ सालच्या मालकानेही ते बदललेच असते. आणि काही भाग असे असतात ज्यांत त्या यंत्राचा विचार असतो. पत्र्याचे पाय, चार लिंका आणि त्यांत ताणलेलं रबर ही रचना म्हणजे या गाडीचा विचार. स्वस्त असावी, हलकी असावी, साध्या माणसाला परवडावी. तो काढून टेलिस्कोपिक लावला तर गाडी धावेल, चांगली धावेल, पण रॉटरडॅमहून रेडिचला गेलेली ती मागणी तिच्यावर दिसेनाशी होईल. डीकेडब्ल्यूचं घराणं, स्टॉकव्हिसची जिद्द, पॅराशूटचा पिंजरा, हे सगळं ज्या हलकेपणामुळे घडलं त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा हा चिमटाच आहे.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा फरक नवा नाही. इथे आल्यावर आपण काय काय बदललं याची यादी केली तर मोठी होईल. थंडीचे कपडे बदलले, जेवायच्या वेळा बदलल्या, पोळीचं पीठ तुर्की दुकानातून येऊ लागलं. हे झाले बुश आणि बँड. ते बदलायचेच असतात. आपले पाय आणि लिंका कोणत्या, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण दोन्हींत गल्लत होऊ नये एवढं खरं.

म्हणून माझा निर्णय झाला: मूळ चिमटा परत बसवायचा. काढलेला टेलिस्कोपिक फेकायचा नाही. तोही या गाडीच्या आयुष्यातला एक काळ आहे. तेल लावून, चिठ्ठी बांधून तो माळ्यावर ठेवायचा. आणि एका पायाच्या आतल्या बाजूला जुना रंग बोटभर शिल्लक आहे, त्याला हात लावायचा नाही.

रेडिच ते तिरुवोत्तियूर

शेवटी आपल्या घरच्या आहेराकडे. युद्ध संपल्यावर रॉयल एनफील्डने १९४९ ची बुलेट काढली, टेलिस्कोपिक चिमटा आणि मागे झुलता सांगाडा असलेली. भारतीय सैन्याला सरहद्दीसाठी मोटरसायकली हव्या होत्या, त्यांनी या बुलेटची निवड केली. १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर भागीदारीत ‘एनफील्ड इंडिया’ उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला कारखाना निघाला. हेडलाइटच्या दोन बाजूंना दोन चिमुकले दिवे असलेली ती ओळखीची मान आणि तो चिमटा मग अनेक दशकं तिथे बनत राहिला. इंग्लंडमधली मूळ कंपनी १९७०च्या सुमारास बंद पडली, मद्रासची शाखा जगली. १९९४ पासून ती आयशरची आहे. थोरल्या घरी दिवा लावायला कुणी उरलं नाही आणि धाकट्याने नाव राखलं, असं आपल्याकडे म्हणतात त्यातलाच प्रकार!

डीकेडब्ल्यूचं घराणंही भारतात आलं, पण दुसऱ्या दाराने. त्यांची पुढची गाडी आरटी १२५. तिचे डिझायनर हेर्मान वेबर यांना युद्धानंतर सोव्हिएत संघात नेण्यात आलं आणि १९४८ साली ते तिथेच वारले. त्यांच्या गाडीची मात्र सगळ्या जगाने नक्कल केली. इंग्लंडमध्ये बीएसए बँटम, अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनची १२५ सीसी, रशियात मॉस्क्वा आणि जपानमध्ये १९५५ ची यामाहा वायए-१, म्हणजे यामाहाची पहिली मोटरसायकल. त्याच यामाहाची आरएक्स हंड्रेड १९८५ पासून भारतात आली आणि कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत कॉलेजच्या पोरांनी ती डोक्यावर घेतली. बुलेटवाले आणि आरएक्सवाले यांची भांडणं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. दोघांच्याही कुळात त्शोपाउ गावचा एक धागा आहे, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात रॉयल एनफील्डने आपली पहिली विजेची मोटरसायकल लोकांसमोर आणली. नाव दिलं ‘फ्लाइंग फ्ली’. आणि तिच्या सी ६ या मॉडेलला पुढे टेलिस्कोपिक नाही, तर ॲल्युमिनियमचा गर्डर चिमटा आहे! आता चेन्नईच्या कंपनीला आपली ओळख सांगायची होती तेव्हा तिने नेमका तोच भाग निवडला, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

माझ्या पिसूच्या टूलबॉक्समध्ये मी एक वही ठेवली आहे. कुठला भाग मूळचा, कुठला कधी बदलला, नवे बँड कोणत्या साली घातले, हे सगळं त्यात मराठीत आणि डचमध्ये लिहिलेलं आहे. पहिल्या पानावर मात्र नटबोल्टचं काही नाही. तिथे फक्त तीन गावं आणि तीन सालं आहेत: रॉटरडॅम १९३८, रेडिच १९३९, अर्नेम १९४४. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याने चिमटा बदलला तरी चालेल. पण बदलण्याआधी त्याने ते पान वाचलेलं असावं.